वळवणचा किताब

लोणावळ्याहून राजमाचीला पायी जाणारे लोक तुंगार्लीच्या धरणाजवळून वर चढतात. गाव मागे पडलं की रानवाट लागते आणि तासाभराने श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले डोळ्यांत भरू लागतात. पावसाळ्यात या वाटेवर शनिवार-रविवारी माणसांची रीघ असते. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की हा किल्ला एका तहातलं अपवादाचं कलम होता. १७१४ साली तुंगार्लीच्या शेजारच्या वळवण गावी कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ भेटले. कान्होजींनी घाटमाथ्यावर जिंकलेलं सगळं परत द्यायचं, फक्त राजमाची ठेवून घ्यायची, असं ठरलं. आणि सातारच्या छत्रपतींनी त्यांचा ‘सरखेल’ हा आरमारप्रमुखाचा किताब कायम करायचा, असंही.

हा किताब कुठून आला, पुढे त्याचं काय झालं आणि त्याच्या जातकुळीतले बाकीचे किताब कुठे कुठे पोचले, याचा माग काढायचा आहे. निमित्त मात्र आजचं आहे. जगात स्वतःला स्वतंत्र राष्ट्र म्हणवणारी, पण कुणीच मान्य न केलेली डझनावारी चिमुकली राज्यं आहेत. त्यांना मायक्रोनेशन म्हणतात. कुणाचं राज्य शेतावर, कुणाचं समुद्रातल्या एखाद्या बुरुजावर, कुणाचं नुसतं कागदावर. यांतलं जवळजवळ प्रत्येक राज्य झेंडा, टपाल तिकीट आणि नाणं काढलं की पाठोपाठ एक मानाचं पदक काढतं. ‘ऑर्डर ऑफ मेरिट’, म्हणजे गुणीजनांचा मानकरी वर्ग, त्याच्या तीन-चार श्रेणी, रंगीत फीत आणि शिक्का मारलेली सनद. राज्याजवळ जमीन नाही, फौज नाही, खजिना नाही. तरी ते सन्मान वाटतं. हे पाहून अनेकांना नवल वाटतं. मराठी माणसाला ते तितकंसं नवलाचं वाटू नये, कारण आपल्या इतिहासातले काही सगळ्यांत वजनदार किताब नेमके अशाच अवस्थेत दिले गेले.

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. त्याआधीच रायगडावर राजाराम महाराजांचं मंचकारोहण झालं होतं. एप्रिलमध्ये ते रायगडाला पडलेल्या मोगलांच्या वेढ्यातून निसटले, प्रतापगड, पन्हाळा करत दक्षिणेला निघाले आणि वर्ष संपायच्या आत तामिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात पोचले. नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. सिंहासन गेलं, राजधानी गेली, खजिना गेला. राजा आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर आणि भोवती लवकरच मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा पडणार. राज्य म्हणायला उरले होते ते काही किल्ले, काही माणसं आणि राजाची मुद्रा.

या काळात किताबांची जेवढी बरसात झाली तेवढी शिवाजी महाराजांच्या भरभराटीच्या काळातही झालेली नाही. संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण औरंगजेबाच्या छावणीत घुसले आणि बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून घेऊन आले, ही हकिकत बखरींनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. बखरींनुसार त्यानंतर संताजींना ‘ममलकतमदार’, त्यांचे बंधू बहिर्जी यांना ‘हिंदुराव’, दुसरे बंधू मालोजी यांना ‘अमीर-उल-उमराव’ आणि विठोजी चव्हाणांना ‘हिंमतबहाद्दर’ असे किताब मिळाले. महाराष्ट्राची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली त्या रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ म्हटलं गेलं. बहुतेक किताबांचा पेहराव फारसी. ज्या दरबाराविरुद्ध लढायचं, त्याच दरबाराच्या भाषेत मान द्यायचा, कारण दख्खनमध्ये दोन-तीनशे वर्षं मानमरातबाची भाषा तीच होती आणि सरदारांच्या कानाला ती वजनदार वाटायची.

जिंजीत एक पद तर संपूर्ण नवीन घडवलं गेलं: ‘प्रतिनिधी’. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ते नव्हतं. राजा संकटात असताना त्याच्या जागी उभं राहील असा माणूस हवा, म्हणून प्रल्हाद निराजींसाठी ते निर्माण झालं आणि त्याला पेशव्यांच्याही वरचा मान मिळाला. पुढे ते परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात स्थिरावलं. औंधचे संस्थानिक १९४७ पर्यंत ‘पंतप्रतिनिधी’ म्हणवून घेत होते ते या जिंजीतल्या पदावरून. भोरचे पंतसचिव शंकराजी नारायणांचे वंशज. शंकराजींनी याच धामधुमीत मावळातले किल्ले मोगलांकडून परत घेतले. गगनबावड्याचे पंत अमात्य रामचंद्रपंतांचे. दख्खनच्या नकाशावर अडीचशे वर्षं टिकलेली ही तीन संस्थानं त्यांच्या गावांच्या नावांइतकीच त्या तीन पदांनी ओळखली जात, आणि तिन्ही घराण्यांचं भाग्य राज्य जवळजवळ नाहीसं झालं असतानाच्या त्या नऊ-दहा वर्षांत घडलं.

किताबाच्या बरोबरीने सनदाही निघत होत्या. त्यांतली एक जवळून पाहण्यासारखी आहे. १६९१ साली राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना सरंजामाचं वचन दिलं, एकूण सहा लाख होनांचं. पण ते एकरकमी नव्हे. रायगड घेतला की काही, विजापूर घेतलं की काही, भागानगर म्हणजे हैदराबाद घेतलं की काही, औरंगाबाद घेतलं की काही, आणि सगळ्यांत मोठा वाटा दिल्ली घेतल्यावर. रायगड तेव्हा मोगलांकडे होता. विजापूर आणि गोवळकोंडा नुकतेच मोगलांनी गिळले होते. दिल्लीचा तर विचारच धाडसाचा. देणाऱ्याजवळ काहीच नव्हतं आणि तो बादशाहीचा सगळा पसारा टप्प्याटप्प्याने वाटून देत होता. आज कुणी परक्याने ही सनद संदर्भ काढून वाचली तर तो ती एखाद्या मायक्रोनेशनचा कागद म्हणून बाजूला ठेवील.

या कागदांना खरं केलं ते घेणाऱ्यांनी. संताजी-धनाजींच्या फौजा जिंजीपासून खानदेशापर्यंत फिरत राहिल्या, मोगलांची रसद तुटत राहिली, १६९८ मध्ये जिंजी पडली तरी राजा निसटून महाराष्ट्रात पोचला. किताब हा दरबाराने उचललेलं कर्ज होता आणि ते फेडलं मात्र किताब घेणाऱ्यांनीच, हे मला या सगळ्या प्रकरणातलं मुख्य सूत्र वाटतं. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. ममलकतमदार म्हणजे राज्याचा आधार म्हणवले गेलेले संताजी १६९७ मध्ये दरबाराच्या रोषाखाली, एकाकी पडलेले असताना मारले गेले. किताबाने त्यांना वाचवलं नाही.

आता वळवणकडे येऊ. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज कैदेतून सुटले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. पण महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही. राज्य एक आणि छत्रपती दोन, अशी अवस्था आली. दोन्हीकडे अमात्य, दोन्हीकडे सेनापती; किताबही दुहेरी. एखाद्या सरदाराने बाजू बदलली की पलीकडचा दरबार त्याला तेवढाच किंवा त्याहून मोठा मान द्यायला तयार. शाहूंचे सेनापती चंद्रसेन जाधव १७११ मध्ये त्यांना सोडून गेले, त्याच साली बाळाजी विश्वनाथ नावाच्या कोकणातून आलेल्या कारकुनाला शाहूंनी ‘सेनाकर्ते’ हा किताब दिला. सेना उभी करणारा! शाहूंच्या पदरी तेव्हा पुरेशी सेना नव्हती, म्हणूनच हा किताब. गरज काय आहे ते किताबाच्या नावातच लिहून दिलेलं.

कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूला होते. आरमाराचा अधिकार आणि सरखेल हा किताब त्यांना मागच्या कारकिर्दीतच मिळालेला. कोकणकिनारा त्यांच्या ताब्यात, इंग्रज आणि पोर्तुगीज त्यांना वचकून, आणि आता त्यांनी घाट चढून लोहगड, राजमाचीपर्यंत मजल मारली होती. बोरघाटाचं तोंडच त्यांच्या हातात आलं. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं. कान्होजींनी पेशव्यांचा पराभव केला आणि त्यांना कैद करून ठेवलं. छत्रपतींचा मुख्य प्रधान एका सरदाराच्या कैदेत! साताऱ्यात घबराट उडाली असणार. त्याच नोव्हेंबरात पुण्याजवळ मांजरी येथे बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि त्यांची पहिली कामगिरी आंग्र्यांची होती.

बाळाजी फौज घेऊन निघाले, पण लढले नाहीत. दोघेही कोकणातले, एकमेकांना ओळखून असलेले. बोलणी झाली, लोणावळ्याजवळ वळवणला भेट ठरली आणि फेब्रुवारी १७१४ मध्ये तह झाला. कान्होजींनी ताराबाईंचा कोल्हापूरचा पक्ष सोडायचा, शाहूंना छत्रपती मानायचं, बहिरोपंतांना सोडायचं, राजमाची वगळता वर घेतलेला मुलूख परत करायचा. बदल्यात दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी, त्यांखालच्या गावांसकट, त्यांच्याकडे राहतील. आरमाराची सरदारी त्यांची. किताब सरखेल.

नीट पाहिलं तर शाहूंनी कान्होजींना जे दिलं, त्यातलं बहुतेक त्यांच्याजवळ आधीच होतं. किल्ले त्यांचेच होते, आरमार त्यांचंच होतं, किताबसुद्धा जुनाच होता. नवीन एवढंच, की त्या किताबावर आता साताऱ्याचा शिक्का पडला. आणि तोच महत्त्वाचा ठरला, कारण कान्होजींनी तो घेतला या कृतीतून शाहू छत्रपती ठरले. सरखेलने छत्रपतींना मान्यता दिली, असं म्हटलं तरी चालेल. कान्होजींच्या मुद्रेत शाहू नृपतींची कृपा, वडील तुकोजी आणि ‘सरखेल’ हा किताब अशी तिन्ही नावं एका ओळीत गुंफलेली आहेत. प्रत्येक पत्रावर ती उमटे. मुंबईच्या गव्हर्नरने किंवा गोव्याच्या विजरईने ते पत्र हातात घेतलं की त्याला कळे, हा माणूस कुणाचा आहे. इंग्रज कागदांत कान्होजींना चाचा म्हणत राहिले. त्या शब्दाला उत्तर म्हणून ही मुद्रा होती: मी एका राज्याचा अधिकारी आहे, माझे दस्तक म्हणजे कर आहेत, लूट नव्हे.

अशा किताबाबरोबर काय काय येई तेही सांगायला हवं, कारण नुसता शब्द कुणी देत नसे. वस्त्रं यायची. शिक्केकट्यार यायची, म्हणजे अधिकाराची मोहोर आणि कमरेची कट्यार. कुणाला पालखीचा मान, कुणाला अबदागीर, कुणाला चौघडा, कुणाला जरीपटका. आणि या सगळ्याच्या खाली सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेल्या गावांचं उत्पन्न. मान दिसायला वर, पण त्याचं मूळ शेतसाऱ्यात. चौघडा वाजतो तो कुठल्या तरी गावच्या भातावर आणि नाचणीवर वाजतो. मावळातल्या ज्या शेतकऱ्यांनी या किताबांचा खर्च उचलला, त्यांची नावं कुठल्याच सनदेत नाहीत, याची रुखरुख या विषयावर वाचताना मला नेहमी लागते.

किताब वारशाने चालू लागला की त्याची वाटणीही होते. कान्होजी १७२९ मध्ये गेले. मुलांत भांडण लागलं. बाजीराव पेशव्यांनी मध्यस्थी केली आणि १७३५ मध्ये दौलत दोन ठिकाणी फुटली: संभाजींकडे सुवर्णदुर्गाच्या बाजूचा मुलूख आणि सरखेल, मानाजींकडे कुलाबा आणि ‘वजारतमाब’ असा वेगळा किताब. भावाभावांच्या भांडणात जमिनीसारखा मानही मोजून वाटला गेला. मुलूख एकाच्या नावावर आणि मान दुसऱ्याच्या, असं करता येत नव्हतं. संभाजींच्या मागून आलेल्या तुळाजींनी पेशव्यांना जुमानलं नाही. तेव्हा १७५६ मध्ये खुद्द पेशव्यांच्याच संमतीने इंग्रजी आरमाराने विजयदुर्ग घेतला, तिथलं मराठी आरमार जाळलं आणि सरखेल हा शब्द उरला तो नुसत्या आठवणीपुरता. कुलाब्याची शाखा पुढे १८४० च्या सुमारास वारस नाही म्हणून खालसा झाली.

मावळातून निघालेल्या मानाचा दुसरा प्रवास तळेगावातून झाला. तळेगावचे खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये शाहूंचे सेनापती झाले. त्यांच्या हाताखालच्या दमाजी गायकवाडांनी १७२० च्या बाळापूरच्या लढाईत पराक्रम केला म्हणून त्यांना ‘समशेर बहाद्दर’ किताब मिळाला. १७३१ मध्ये डभोईला त्रिंबकराव दाभाडे मारले गेल्यावर पिलाजी गायकवाडांकडे ‘सेनाखासखेल’ आला. मालक दाभाडे मागे पडले, गायकवाड बडोद्याचे राजे झाले, पण किताब त्यांनी टाकले नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव तिसरा झाला, तेव्हा त्याच्या नावामागे दोन्ही लागले आणि इंग्रजांनी त्यांच्याही आधी आणखी एक लावला: ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’, इंग्रज सरकारचा खास पुत्र. एका माणसाच्या नावात साताऱ्याचे छत्रपती आणि लंडनची राणी, दोघांचीही मोहोर.

१८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ‘स्टार ऑफ इंडिया’ हा वर्ग सुरू केला, नंतर ‘इंडियन एम्पायर’चा. तोफांच्या सलामींचे आकडे ठरले. मान देणारे आता मान घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले आणि रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर अशा पायऱ्यांवर आपले वकील, मामलेदार, सावकार चढू लागले. या भागावर फार रेंगाळावंसं वाटत नाही. यातला एकच प्रसंग लक्षात राहतो. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात छडी घेऊन पुढे आले, बादशहाला एकदाच वाकून मुजरा केला आणि पाठ फिरवून निघून गेले. दौलत-इ-इंग्लिशियाच्या खास पुत्राने असं करावं याचा गवगवा लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचला आणि त्यांना खुलासा द्यावा लागला. पण पाहायचं ते लोकांनी पाहिलं होतं.

हे इंग्रजी किताब वाटले जात होते त्या काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं ते पाहिलं, की एक योगायोग डोळ्यांपुढे उभा राहतो. जून १८८८ मध्ये मेरेना नावाचा एक फ्रेंच साहसी व्हिएतनामच्या डोंगराळ भागात, सेदांग लोकांच्या मुलखात, ‘राजा मारी पहिला’ म्हणून उभा राहिला. मग तो पॅरिसला गेला आणि आपल्या राज्याची पदकं आणि सरदारक्या पैसे घेऊन वाटू लागला. परतीची वाट फ्रेंच सरकारने बंद केली आणि १८९० मध्ये मलायाजवळच्या तिओमान बेटावर तो मेला. सेदांग लोकांना त्या पदकांचा काही उपयोग झाला नाही. १८९३ मध्ये हार्डन-हिकी नावाच्या दुसऱ्या एका साहसी माणसाने दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिनिदाद नावाच्या निर्मनुष्य खडकावर हक्क सांगितला, न्यूयॉर्कमध्ये राज्याची कचेरी थाटली आणि ‘क्रॉस ऑफ त्रिनिदाद’ हा चार श्रेणींचा मानकरी वर्ग जाहीर केला. दोनच वर्षांत तारेच्या ठाण्यासाठी इंग्रजांनी ते बेट घेतलं. त्यांना हटवायला पुढे आला तो ब्राझील. मानकऱ्यांपैकी कुणी राजासाठी बोट घेऊन निघालं नाही.

मेरेनाने राजमुकुट घातला त्याच्या महिनाभर आधी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात एक सभा भरली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, कामगार, व्यापारी जमले होते. जोतीराव फुल्यांच्या लोकसेवेला चाळीस वर्षं झाली म्हणून हा सत्कार होता. रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी सगळ्यांच्या वतीने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. म्हणजे सरकारने ज्यांना रावबहादूर केलं त्यांच्याच हातून लोकांनी आपला किताब दिला. त्याआधी दोनच महिने, २ मार्चला, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या स्वागताच्या मेजवानीत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात जाऊन बसले होते आणि जडजवाहीर घातलेल्या मानकऱ्यांपुढे त्यांनी खेड्यातल्या दारिद्र्याबद्दल बोलून दाखवलं होतं. मांडवीच्या सभेजवळ ना मुलूख होता, ना मोहोर, ना तोफा. राजाराम महाराजांकडे निदान जिंजी होती. तरी मांडवीचा किताब टिकला आणि त्याच काळातले सरकारी किताब आज कुणाला सांगता येत नाहीत. कारण सरळ आहे. इथे कर्ज उचललंच गेलं नव्हतं, फेड आधी झाली होती. लोकांनी फक्त पावती दिली.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांचंही तसंच. त्यांच्याकडे इंग्रजांचे मोठमोठे किताब होते, पण मराठी माणूस त्यांना ‘राजर्षी’ म्हणतो. ते नाव एप्रिल १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी समाजाच्या परिषदेत मिळालं. महाराष्ट्राबाहेरच्या एका शेतकरी समाजाने दिलेलं नाव कोल्हापुरात घरोघरी बोललं जातं.

आजच्या मायक्रोनेशनकडे याच नजरेने पाहावं असं मला वाटतं. सगळ्यांना एका मापात घालू नये. पश्चिम ऑस्ट्रेलियातला लिओनार्ड केसली गव्हाच्या कोट्यावर चिडला. सरकारने त्याच्या शेतातल्या पिकाला मर्यादा घातली आणि दाद कुठेच लागेना, तेव्हा १९७० मध्ये त्याने आपलं शेतच ‘हट रिव्हर’ म्हणून वेगळं जाहीर केलं. पुढे राजघराणं, नाणी, ‘सिरीन ऑर्डर ऑफ लिओनार्ड’ असे मानकरी वर्ग सगळं आलं. पन्नास वर्षं ते चाललं आणि २०२० मध्ये करांच्या थकबाकीपुढे मुलाला ते मिटवावं लागलं. पदकं गंमतीची वाटतील, पण मुळातलं गाऱ्हाणं एका शेतकऱ्याचं होतं आणि शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याला मावळात कुणी हसू नये. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभ्या युद्धकालीन बुरुजावर रॉय बेट्सने १९६७ मध्ये ‘सीलँड’ उभं केलं. तिथल्या लॉर्ड, लेडी अशा पदव्या ठरावीक किंमत भरून कुणालाही घेता येतात. खांदेरीसारख्या जलदुर्गासाठी ज्यांनी इंग्रजांशी दोन हात केले त्यांच्या मुलखात बसून मला ही पदवी रिकामी वाटते. पैसे भरणाऱ्याकडून सीलँडला पैशांखेरीज काही नको आणि त्याला सीलँडसाठी काही करायचं नाही.

वेगळा वाटतो तो कॅरिबियनमधल्या रेदोंदा या खडकाचा प्रकार. तिथे माणूस राहत नाही. शील या लेखकाने आपण तिथला राजा असल्याचं सांगितलं, त्याच्यानंतर कवी गॉस्वर्थने लंडनमध्ये बसून लेखकमित्रांना ड्यूक केलं, आणि १९९७ पासून स्पॅनिश कादंबरीकार हावियेर मारियास यांनी ते राज्य सांभाळलं. मारियासनी रेदोंदाच्या नावाने प्रकाशनसंस्था काढली, विसरली गेलेली पुस्तकं पुन्हा छापली, लेखक-दिग्दर्शकांना सन्मान दिले. २०२२ मध्ये ते वारले. खडक ओसाडच राहिला, पण पुस्तकं उरली आहेत. जमीन नसलेल्या दरबाराने काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या राज्यघटनेने या सगळ्यावर १९५० मध्ये पडदा टाकला. अनुच्छेद १८ नुसार लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडून राज्यसंस्था कुणाला किताब देऊ शकत नाही आणि भारतीय नागरिक परक्या राष्ट्राचा किताब घेऊ शकत नाही. १९५४ मध्ये भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले, तेव्हापासून हे किताब की सन्मान हा वाद चालू होता. जनता सरकारने १९७७ मध्ये ते थांबवले, १९८० मध्ये ते परत आले, आणि १९९५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात निकाल दिला: हे सन्मान घटनेविरुद्ध नाहीत, पण ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत. दरम्यान १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि त्यांची मान्यताही संपली. सेनाखासखेल समशेर बहाद्दर हा किताब त्या दिवशी सरकारी कागदातून गेला.

कागदातून गेला, पण हव्यास गेला नाही. आज मावळातल्या हॉटेलांच्या सभागृहांत, पुण्या-मुंबईत, कुठेही ‘आंतरराष्ट्रीय’ सन्मानांचे सोहळे होतात. ज्याचं नाव कधी ऐकलं नाही अशा संस्थेकडून पत्र येतं, निवड झाल्याचं कळवलेलं असतं, खाली नोंदणी शुल्काचा आकडा असतो. मानद डॉक्टरेट, शाल, फीत, फोटो. चांगली शिकलेली, आपल्या कामात मान असलेली माणसंही यात ओढली जातात, कारण वर्षानुवर्षं राबूनही त्यांच्या कामाची दखल कुणी घेतलेली नसते. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पण अशा पत्राला उत्तर देण्याआधी एक चौकशी जरूर करावी: या संस्थेने याआधी ज्यांना सन्मान दिला ते आज कुठे आहेत, आणि त्या सन्मानानंतर संस्थेने किंवा त्या माणसाने काय केलं? वळवणला कान्होजींनी साताऱ्याचा शिक्का घेतला आणि पंधरा वर्षं, मरेपर्यंत, इंग्रज-पोर्तुगीजांच्या स्वाऱ्या परतवत किनारा राखला. बाळाजी विश्वनाथांनी सेनाकर्ते हा किताब घेतला आणि खरोखरच सेना उभी केली.

जुन्या किताबांतले काही मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडतात. भोरला पंतसचिवांचा वाडा अजून उभा आहे. ‘हिंदुराव’ हे नाव एकोणिसाव्या शतकात कागलच्या घाटग्यांच्या घरातून दिल्लीला गेलं. बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदुराव यांनी तिथल्या टेकडीवरचा एका इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला विकत घेतला. १८५७ मध्ये त्याच बंगल्याभोवती मोठी लढाई झाली. आता तिथे दिल्ली महापालिकेचं हिंदुराव रुग्णालय आहे आणि बाह्यरुग्ण विभागासमोर पहाटेपासून गरिबांची रांग लागते. कान्होजींचं नाव भारतीय नौदलाने १५ सप्टेंबर १९५१ रोजी मुंबईतल्या आपल्या किनारी तळाला दिलं. आधी तो तळ लॉर्ड डलहौसीच्या नावाने ओळखला जाई. तेव्हापासून तो आयएनएस आंग्रे आहे.